उंबऱ्यावरचं खाकरणं

माझ्या बायकोची एक नक्कल मी फार झकास करायचो. अगदी परवा-परवापर्यंत करत होतो. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकून माणसं सुपारी कातरत बसली की कुणीतरी म्हणायचंच, दाजी, ती ताटाची होऊन जाऊ द्या. मी थोडे आढेवेढे घ्यायचो आणि उठायचो. हातातनं स्टीलचं ताट पडल्यासारखं करायचं, तोंडानं ‘ठण्ण’ आवाज काढायचा, आणि लगेच भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागं घेऊन, डोळे मोठे करून, श्वास कोंडून उभं राहायचं. बायकोच्या हातनं काही पडलं की ती अशी उभी राहायची. पडलेलं उचलायची नाही, आधी उभी राहायची. माणसं पोट धरून हसायची. ती पण हसायची, तोंडाला पदर लावून.

ती हसायची, हे मी मुद्दाम लिहितोय. कारण इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलोय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर कामं करतो. स्वतःचा लहान कारखाना आहे, दोन कामगार आहेत. दिवसभर मशीनच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज वाढलाय, आणि मुळात आम्ही मंगळवार पेठेतली माणसं, आमच्याकडं साधं ‘जेवलास का’ विचारलं तरी परक्याला भांडण वाटतं. पण बायकोवर मी कधी हात उगारला नाही. याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. मित्रांत बसलो की सांगायचो, आपल्याला ते जमत न्हाय बाबा, बाईमाणसावर हात टाकणं.

आणखी एक गोष्ट मला वडिलांनी शिकवली होती. आमचं घर बोळात, जुनं, तेव्हा दोन खोल्यांचं. मोरी स्वयंपाकघरातच. घरात बाया अंघोळीला बसलेल्या असायच्या, लुगडं बदलत असायच्या. वडील म्हणायचे, गड्यानं घरात थेट घुसायचं नसतं, उंबऱ्यावर थांबून खाकरायचं, घरातल्यांना सावरायला वेळ द्यायचा. ते स्वतः तसंच करायचे. पुढं मी घर वाढवलं, मोरीची बाथरूम झाली, दाराला कडी आली, तरी खाकरणं सुटलं नाही. रोज संध्याकाळी स्कूटर लावायची, चपला काढायच्या, उंबऱ्यावर एकदा दणकून खाकरायचं आणि मग आत. याला मी सभ्यपणा समजत होतो.

आत गेलो की बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी. एक दिवस चुकला नाही. याचंसुद्धा मी चार माणसांत कौतुक करायचो.

तिचं माहेर राधानगरीकडं. भातशेती, दावणीला म्हशी, पावसाळ्यात तर शेजारच्या घराचा दिवासुद्धा दिसत नाही असा पाऊस. तिचे वडील गावात मानाचे. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही, दूध संस्थेत शब्दाला किंमत. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, घराणं बघ, माणूस बघ, एका शब्दात गाव गप्प बसतं. मला सासरा आवडायचा. कुस्तीवर बोलायला लागला की दोन-दोन तास. बायको मात्र माहेरी जायचं म्हटलं की आदल्या दिवशी आजारी पडायची. उलट्या काय, डोकं काय. पंचमीला न्यायला भाऊ आला की हिचं पोट बिघडलेलं. मी म्हणायचो, बाकीच्या बाया माहेरासाठी रडत्यात आणि आमची ही माहेराला रडती, काय सोंग आहे. ‘सोंग’ हाच शब्द वापरायचो.

तर सासऱ्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, आणि ते फक्त कोल्हापुरात. मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. तो म्हणाला, दाजी, सारखं उठून एवढ्या लांब न्यायचं कसं, इकडं रोप लावणीला आलंय, म्हशी हायत. त्याला पुढं बोलूच दिलं नाही. दोन्ही कामगार ऐकतायत, शेजारचा वेल्डिंगवाला ऐकतोय, आणि मी मोठ्यानं म्हणालो, जावई म्हंजे पोरगाच की, उद्याच आणा मामांना, पोराची खोली मोकळीच हाय. आमचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. फोन ठेवला तेव्हा माझी छाती फुगलेली होती. वेल्डिंगवाला म्हणाला, असा जावई मिळाय पाहिजे. बायकोला विचारावं, असं माझ्या मनात आलंसुद्धा नाही. तिचाच बाप, तिला काय विचारायचं?

रात्री जेवताना सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. ‘बरं’ म्हणाली. थोड्या वेळानं तव्याकडं बघतच विचारलं, ‘किती दिवस?’

माझं डोकं सटकलं. ‘बापाचं दिस मोजतीस व्हय?’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पोराची खोली धुऊन काढली, गादीला नवी खोळ घातली, खिडकीला पडदा लावला. मला वाटलं, बघा, शेवटी लेक ती लेक.

सासरे आले ते अगदी वाळून गेले होते. बोळात सगळ्यांची चौकशी केली, गिरणीवाल्याशी बोलले, शेजारणीला म्हणाले, जावई न्हवं, देव हाय. घरात त्यांनी कुणाला त्रास दिला, असं कुणी म्हणू शकणार नाही. ताटात पडेल ते खायचे, कुणावर ओरडायचे नाहीत. ओरडायला ताकदही नव्हती. आणि तरी घरात काहीतरी झालं. बायको स्वयंपाक करताना गुणगुणायची, ते थांबलं. दूध उतू जायला लागलं. आमच्याकडं दूध कधी उतू गेलेलं मी पाहिलं नव्हतं. मनगटाला तवा लागून फोड आला, तर म्हणाली, लागला असंल कधीतरी. लागलेलं तिला कळलंच नव्हतं. आमच्याबरोबर जेवायला बसायची ते बंद, नंतर एकटी ओट्याशी उभी राहून खायची. मला हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिसलं होतं. दिसलं, आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. बोळात माझं एवढं नाव झालेलं, आता मागं कसं यायचं?

मग तो रविवार. मटण आणलं होतं. तांबडा रस्सा सासऱ्यांना चालत नाही, म्हणून बायकोनं त्यांच्यासाठी वेगळं, बेताच्या मिठाचं काढलं होतं. मी ताटावर बसलो होतो, ती पळीनं रस्सा वाढत होती. सासरे हात धुऊन आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबून खाकरले. साधंच. कुणीही वयस्कर माणूस खाकरतो तसं.

बायकोच्या हातातली पळी पातेल्यात सुटली. ती मागं सरकली, फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या जागेत शिरली, पाठ भिंतीला लावली, दोन्ही हात मागं घेतले. डोळे मोठे. श्वास कोंडलेला. कमावत्या पोराची आई, केसांत पांढरं आलेली बाई, शिक्षा होणाऱ्या पोरीसारखी उभी. मी तोंडात घास तसाच धरून बघत राहिलो. हे मी कुठंतरी पाहिलंय, असं वाटत होतं, आणि मग लक्षात आलं की हे मीच करतो. लग्नात, बारशात, पान-सुपारी झाल्यावर.

सासरे हसले आणि म्हणाले, ‘ल्हानपणापास्नं अशीच हाय, येंधळी.’

आणि मी हसलो. सवयीनं म्हणा, पाहुण्याचा मान म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. ती तिथं भिंतीला चिकटून उभी असताना मी तिच्या बापाबरोबर हसलो. हे हसणं मला अजून ऐकू येतं.

दुपारी ती घरात नव्हती. शेजारी नव्हती, गिरणीत नव्हती. शेवटी गच्चीवर सापडली, पाण्याच्या टाकीच्या मागं, उन्हात बसलेली. मी जवळ जाऊन बसलो. काय बोलायचं ते मला येत नव्हतं, म्हणून पोलिसासारखं विचारायला लागलो. मारायचे का तुला? कशानं? किती? का? ती गुडघ्यांत तोंड घालून बसलेली. शेवटी माझे प्रश्न संपले. मग ती आपणहून बोलायला लागली. म्हणाली, संध्याकाळी आबा आले की उंबऱ्यावर खाकरायचे. सगळ्यांनी हातातलं टाकून उभं राहायचं. खाकरण्यावरनं कळायचं आज काय आहे ते. एक खाकरणं असायचं तेव्हा खिशात भडंग असायचं. दुसरं असायचं तेव्हा हातात म्हशीचा कासरा. आई कोणत्या कोपऱ्यात, भाऊ कोणत्या, ती कोणत्या, हे त्या एका आवाजावर ठरायचं. कधी कधी ऐकण्यात चूक व्हायची. वैरणीच्या खोलीत कोंडायचे, बाहेर पाऊस, आणि दार कधी उघडेल ते माहीत नाही. एखाद्या दिवसाचं नव्हतं ते. रोजचं होतं. ती शाळेत जायला लागली तेव्हापासून लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळ झाली की कान उंबऱ्याकडं.

एवढंच बोलली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘आबा हितं हायत तवर मी जाऊ का कुठंतरी? तुमी शब्द दिलाय.’

स्वतःच्या घरातनं जायला ती माझी परवानगी मागत होती. माझा शब्द मोडू नये म्हणून.

आता कुणालाही वाटेल, मी खाली उतरून तडक मेव्हण्याला फोन लावला असेल. नाही लावला. आठवडा घालवला. कारखान्यात लेथवर उभा राहून मनात वाक्यं जुळवत होतो. काय सांगू त्याला? तुझ्या बापानं तुझ्या बहिणीला काय केलंय ते सांगू? तो काय त्या घरात नव्हता? आणि गाव काय म्हणेल, बोळ काय म्हणेल, वेल्डिंगवाला काय म्हणेल? या आठवड्यात बायको माझ्याशी नीट बोलत होती, वेळेवर डबा देत होती, बापाची औषधं वेळेवर देत होती, आणि दिवसेंदिवस बारीक होत होती. तिनं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. मला सगळं माहीत झाल्यावरचे हे दिवस आहेत. आधीच्या वर्षांचं मी म्हणू शकतो की मला कळलं नाही. या दिवसांचं काय म्हणू?

शेवटी फोन केला तोसुद्धा खोटं बोलून. पोरगा घरनं काम करायला येणार आहे, खोली लागतीय, म्हणालो. दवाखान्याजवळ एक खोली बघून दिली, मेव्हणा आणि त्याची बायको आळीपाळीनं राहतील असं ठरलं, डबा खानावळीतनं. मेव्हणा तुटकच बोलला. म्हणाला, ‘दाजी, तुमी बी बायकूचं ऐकाय लागला न्हवं?’ मी म्हणालो, न्हाय रे, तिचा काय संबंध. तिथंही मी तिच्या बाजूनं एक शब्द काढला नाही.

सासऱ्यांना मीच रिक्षातनं सोडायला गेलो. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. रंकाळ्याच्या कडेनं रिक्षा चालली होती, ते बाहेर बघत होते. एकदम म्हणाले, ‘पोरगी अजून भिती न्हवं मला?’ त्या बोलण्यात वाईट वाटणं होतं की थोडा तोरा होता, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. म्हातारा माणूस, आजारी, त्याला काय बोलायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला धाडस झालं नाही.

पण परत येताना हलकं वाटत होतं. उशिरा का होईना, आपण बायकोसाठी काहीतरी केलं. कांदाभजी घेतली, तिला आवडतात. रिक्षा सोडली, चपला काढल्या, उंबऱ्यावर उभा राहिलो आणि ऐटीत खाकरलो.

आत झाकण पडल्याचा आवाज झाला. मी आत गेलो. बायको फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या जागेत उभी होती. हात मागं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. बाप तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी एकटाच होतो. तिनं मला बघितलं, श्वास सोडला आणि पाण्याचा तांब्या घ्यायला वळली. तेव्हा मला तो तांब्या कळला. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी आत पाऊल टाकायच्या आत ती उभी असायची, गुणगुणणं थांबलेलं असायचं, नळ बंद झालेला असायचा. मी बायकोचा आदर समजत होतो त्याला. रोज संध्याकाळी, एकही दिवस न चुकता, मी तिच्या बापाला आमच्या दारात आणून उभा करत होतो. भजी हातात तशीच राहिली.

त्यानंतर आम्ही एका समुपदेशक बाईंकडं जायला लागलो. आमच्या पोराच्या वयाची असेल. मला वाटलं होतं गोळी देईल. ती बायकोशी बोलायची, मी बाहेर बाकड्यावर. मग एकदा मला आत बोलावलं. मी बसल्या बसल्या सुरू केलं की मॅडम, मी कधी हिला बोट लावलेलं नाही, विचारा हिला. ती शांतपणे म्हणाली, ‘त्या तुम्हाला निर्दोष ठरवायला इथं येत नाहीत.’ मला राग आला, खरंच सांगतो, सणकून आला. उठून जाणार होतो. बायको शेजारी बसली होती, ती खुर्चीच्या कडेला सरकली, आणि मी बसून राहिलो.

ती मुलगी पुढं जे बोलली ते मी माझ्या भाषेत सांगतो. एकदाच झालेला अपघात वेगळा. वर्षानुवर्षं, आपल्याच माणसाकडनं, पळायला जागा नसताना जे होतं त्यानं अंग कायमचं पहाऱ्यावर बसतं. धोका संपला म्हणून पहारा आपोआप उठत नाही. त्याला ‘घाबरू नको’ म्हणून काही होत नाही, आणि ‘सगळं बोलून टाक, मोकळी हो’ म्हणून मागं लागणं तर त्याहून वाईट. बायको सांगेल तेव्हा, सांगेल तेवढं ऐकायचं. घरात काय होणार ते तिला आधी कळलं पाहिजे. तिच्याबद्दलचं काही तिला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. मी विचारलं, मग मी काय करू? ती म्हणाली, मला का विचारताय, त्या शेजारी बसल्यात.

मी विचारलं नाही. माझं मीच ठरवलं, खाकरणं बंद. दुसऱ्या दिवशी मांजराच्या पावलानं घरात गेलो. बायको ओट्याशी होती, वळली तर मागं मी. किंचाळली आणि दुधाचं पातेलं गेलं. सगळं दूध फरशीवर, ती भिंतीला. मग मात्र मी फरशी पुसता पुसता विचारलं, कसं येऊ? तिनं पुष्कळ विचार केला. म्हणाली, गिरणीपाशी आलं की फोन करा. काही बोलू नका जास्त. आलोय म्हणा.

आता मी तसं करतो. बोळाच्या तोंडाला पिठाची गिरण आहे, तिथं स्कूटर थांबवून घरी फोन लावतो. गिरणीवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, नवं लगीन झाल्यागत चाललंय बघा. हसू देत. घशात सवय आहे, उंबऱ्यावर पोचलो की अजूनही खाज सुटते, गिळून टाकतो. एकदा सर्दी होती, आवरलं नाही, खाकरलो. आत भांडं पडल्याचा तसाच आवाज आला आणि मी दारातच थांबलो.

बायको पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही, कारण पूर्वी कशी होती तेच मला माहीत नाही. स्वयंपाक करताना पुन्हा गुणगुणते. आबांना भेटायला जात नाही, आणि मी जा म्हणत नाही. मेव्हणा आमच्याशी बोलत नाही. मी त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. सांगू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, आत्ता नको.

परवा ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती, मी शेजारी. मी म्हणालो, एक सांग, आपल्या घरात तुला कुणी मारलं न्हाय, ते खाकरणं माझं हाय, तुला कळत न्हवतं व्हय?

‘मला कळतंय की,’ ती म्हणाली. ‘मला कळतंय तुमी हायसा. पायास्नी कळत न्हाय.’

मग मला राहवलं नाही. एवढी वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, एकदा तरी सांगायचंस की गं, म्हणालो. खाकरू नका म्हणायचं, एवढंच. मी ऐकलं नसतं व्हय?

तिनं हातातली शेंग मोडली, दोर काढला. रागानं नाही, अगदी सरळ बोलली.

‘सांगितलं असतं, तर तुमी त्याची बी नक्कल केली असती.’

ती नक्कल मला लगेच दिसली. उंबऱ्यावर कसं थांबायचं, कसं खाकरायचं, मग टुणकन उडी मारून आत जाऊन भिंतीला कसं चिकटायचं. ताटाच्या नकलेपेक्षा ती जास्त रंगली असती, आणि बायको पदर तोंडाला लावून हसली असती.